रोज तेच काम: गॅलीतल्या माणसाच्या काही सूचना

मालवाहू बोटीवरचं दुपारचं जेवण वीस मिनिटांत उरकतं. त्यासाठी कुक पहाटे पाचपासून गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, उभा असतो. साडेबाराला ताटं धुवायला येतात, एकला रात्रीच्या भाजीची चिराचिरी सुरू होते, आणि उद्या हे सगळं पहिल्यापासून. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, रंगवलेला डेक निदान काही महिने रंगवलेला दिसतो. इंजिनियरने दुरुस्त केलेला पंप चालत राहतो. कुकच्या कामाचं संध्याकाळपर्यंत काहीच उरत नाही, आणि उरलंच तर ते वाईट लक्षण.

मी रत्नागिरीकडचा. मेसमन म्हणून, म्हणजे वाढणं आणि भांडी-ताटं करणारा म्हणून, बोटीवर चढलो, चीफ कुक म्हणून उतरलो. जुने खलाशी आम्हाला भंडारी म्हणायचे. आता गावी असतो आणि पहिल्यांदा बोटीवर निघालेली आसपासची मुलं भेटायला येतात. दोन-तीन महिन्यांनी त्यांतल्या एखाद्याचा फोन येतो. पगाराची तक्रार नसते, समुद्र लागण्याचीही नसते. "काका, रोज तेच. यात आहे काय?" असा सूर असतो. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं, म्हणून हे. बोटीशी संबंध नसलेल्यालाही चालेल. हिशेब लिहिणारे, शिवणारे, ड्रायव्हर, तपासनीस, घरचा स्वयंपाक करणारी बाई, ज्यांचं ज्यांचं काम उद्या पुन्हा तेच असतं त्या सगळ्यांसाठी आहे.

सांगायचं आहे ते एकच, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्या कामात काही अर्थ आहे का, हे कामाकडे टक लावून बघत बसलं तर कळत नाही. बटाटा सोलताना बटाट्यात काहीही दिसत नाही. तो बटाटा शेवटी कोणाच्या ताटात पडतो ते बघावं लागतं, आणि तेही मनातल्या मनात नाही, जाऊन बघावं लागतं.

ताट परत येतं ते बघा

नव्या बोटीवर पहिला आठवडा मी मेनू बदलायचो नाही. आधीच्या कुकने जे लावलं असेल ते चालू ठेवायचं. त्या आठवड्यात माझं खरं काम जेवण संपल्यावर सुरू व्हायचं. मेसमनने ताटं विसळायच्या आधी मी ती बघायचो. कोणी भात अर्धा टाकलाय, कोणी माशाचं डोकं चोखून साफ केलंय, कोणी मिरच्या ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवल्यात. उष्ट्याचा डबा बोटीवर वेगळाच ठेवावा लागतो. प्लास्टिक समुद्रात कधीच टाकायचं नसतं. उरलेलं अन्न बारीक दळून टाकायचं तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या बाहेर, न दळता टाकायचं तर १२ मैलांच्या बाहेर, आणि काही राखीव समुद्रांत नियम याहून कडक. त्यामुळे बंदरात उभे असलो की उष्टं साठत जायचं. सलग दोन दिवस डब्यात उकडलेली कोबी दिसली, तर तिसऱ्या दिवशी ती का करतोय हे स्वतःला विचारायला हवं.

पण ताटापेक्षा ताट आणणारा महत्त्वाचा. "क्रूला जेवण घालतो" असं आम्ही म्हणतो खरं, पण क्रू कधी जेवत नाही. जेवतो तो बारा-चारच्या वॉचचा, म्हणजे पाळीचा, सेकंड मेट (कॅप्टनच्या हाताखालचा एक अधिकारी), जो पहाटे चारला ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, उतरतो, सकाळी झोपलेला असतो आणि नाश्ता म्हणून काय असतं ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. जेवतो तो ऑइलर, ज्याला इंजिनरूमच्या उकाड्यातून वर आल्यावर आधी काहीतरी आंबट आणि पातळ हवं असतं. जेवतो कॅप्टन, ज्याला मधुमेह आहे आणि ते त्याला कोणासमोर बोलायचं नाहीये. ही तीन माणसं डोळ्यांसमोर आली की तोच भात तीन वेगवेगळी कामं होऊन बसतो.

हे तुमच्या कामात असं करा. कागद घ्या. काल तुम्ही पूर्ण केलेलं शेवटचं काम मधोमध लिहा. नोकरीचं नाव नको, एकच काम लिहा: एक बिल, एक रिपोर्ट, एक ब्लाउज, सातबाऱ्यावरची एक नोंद. तिथून बाण काढा. ते तुमच्या हातून कोणाकडे गेलं? "अकाउंट्सकडे" असं उत्तर आलं तर अजून पोचला नाहीत. अकाउंट्समध्ये कोण? तिथून पुढे कोणाकडे? माणसाचं नाव येईपर्यंत बाण काढत राहा. नाव माहीत नसेल तर निदान "कर्जासाठी थांबलेला तो शेतकरी" इतकं तरी लिहिता आलं पाहिजे. आणि मग एकदा तिथे जाऊन या. माझी एक भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासते. तिला मी सांगितलं, सुट्टीच्या दिवशी सकाळी कलेक्शनच्या खोलीबाहेर जरा बस. ती बसली. आता कंटाळत नाही असं मी म्हणणार नाही, कंटाळतेच. पण नळीवरचा नंबर वाचताना आता तिला बाकावर बसलेलं कोणीतरी आठवतं.

ही माझी एकट्याची समजूत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कॅफेटेरियात व्हिडिओ लावून प्रयोग केला होता. स्वयंपाक्यांना जेवणारी माणसं पडद्यावर दिसू लागली, तेव्हा जेवणाऱ्यांना ते जेवण सुमारे १० टक्क्यांनी जास्त आवडलं. गंमत अशी की जेवणाऱ्यांना स्वयंपाकी दिसत नव्हते. दोघं एकमेकांना दिसायला लागले तेव्हा तर फरक १७ टक्क्यांच्या घरात गेला. प्रोफेसरांना त्यासाठी कॅमेरे लागले. आमच्या गॅलीत जेवण देण्याची खिडकी असते. बरेच कुक ती फक्त वाढताना उघडतात. मी म्हणेन, वाढून झाल्यावरही उघडी ठेवा.

आणि बाण कोणापर्यंतच पोचला नाही तर? तसंही होतं, खोटं कशाला सांगू. बोटीवर असे फॉर्म भरावे लागतात जे कोणी उघडून बघत नाही. ते मी नीट पण भराभर भरायचो आणि त्यांच्यात काही शोधायला जायचो नाही. जगात निरर्थक काम खरोखर असतं. ते ओळखता आलं तर निदान त्याच्यावर जीव टाकायचा वाचतो आणि तो वेळ दुसरीकडे लावता येतो. मात्र कागदावरचे सगळेच बाण हवेत जात असतील तर नोकरी बदलायचा विचार करा. तिथे माझ्या सूचनांचा उपयोग नाही.

वही

दुसरं, एक वही ठेवा. भावना लिहायची नव्हे. ते ज्याला जमतं त्याने करावं, मला कधी जमलं नाही. माझी वही तेला-मसाल्याच्या डागांची होती आणि तिच्यात माणसागणिक एक पान होतं. पानावर काय? काय खातो, काय सोडतो, वाढदिवस कधी, कुठला सण पाळतो, आणि बोलता बोलता घरच्या जेवणाबद्दल काय म्हणाला ते.

फिलिपिनो खलाशी चीफ कुकला 'मायोर' म्हणतात. त्यांना भात तिन्ही वेळ लागतो. सकाळी रात्रीचाच भात लसणीवर परतून, वर अंडं. हे कळल्यावर रात्री भात उरला तर काय करायचं हा माझा प्रश्नच सुटला. उलट मुद्दाम जास्त टाकायला लागलो. वाढदिवसाला त्यांना पान्सित हवं, म्हणजे लांब शेवयांचं नूडल्स, आणि शेवया तोडायच्या नाहीत, कारण लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य. केक नसला तरी चालतो. ते माहीत नसलेला कुक केकवर दोन तास घालवतो आणि पोरगा तोंडदेखलं हसतो.

एकदा पॅसिफिक ओलांडताना चिंचेची सिनिगांग मसाल्याची पाकिटं संपली. सिनिगांग हे त्यांचं आंबट सूप, आपल्याकडे पावसाळ्यात सार असतं तसं त्यांचं नेहमीचं. माझ्या केबिनमध्ये घरून आणलेली आमसुलं होती. ती टाकली. आंबटपणा जमला, रंग मात्र जांभळट झाला. ऑइलरने वाटीत बघून कपाळाला आठ्या घातल्या. पिऊन झाल्यावर म्हणाला, हे काही सिनिगांग नाही. आणि पुढच्या आठवड्यात खिडकीशी येऊन, "मायोर, ते जांभळं परत कर." वहीत त्याच्या पानावर मी लिहून ठेवलं: आमसूल, सहा-सात, शेवटी टाकणे. कोकणातून निघालेली आमसुलं फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या माणसाच्या पोटात गेली, याचा मला त्या संपूर्ण सफरीत सगळ्यात जास्त आनंद झाला. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

युक्रेनियन सेकंड इंजिनियरला दुपारी सूप नसलं तर जेवल्यासारखंच वाटत नसे. बाकी काही असो, आधी गरम पातळ हवं, शेपू वरून आणि सोबत पाव. आपल्याकडे शेपूला नाक मुरडणारे निम्मे, हा माणूस बटाट्यावरही शेपू मागायचा. त्याला मी एका रविवारी घावने करून घातले. त्याने त्यावर आंबट साय आणि जॅम घेतला, गुंडाळी केली आणि माझी आई असेच करते म्हणाला. असेच नसणार, तांदळाच्या पिठाचे तर नक्कीच नाहीत. पण मी वाद घातला नाही.

रमजानात वहीचा उपयोग फार. बोट पश्चिमेला चाललेली असते, घड्याळ दर काही दिवसांनी तासाने मागे जातं, आणि सूर्य कुठे कधी उगवणार ते किनाऱ्यावरच्या वेळापत्रकात नसतं. म्हणून संध्याकाळी ब्रिजवर जायचं आणि सेकंड मेटकडून उद्याचा उदयास्त लिहून घ्यायचा. त्याप्रमाणे रोजा धरणाऱ्या फिटरचा सहेरीचा, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचा, डबा भरून हॉट केसमध्ये ठेवायचा. पहिल्या दिवशी मी फिटरसाठी वेळ विचारायला गेलो, तेव्हा तो केरळी सेकंड मेट जरा चक्रावला. तिसऱ्या दिवसापासून तोच चिठ्ठी खाली पाठवायला लागला. एका माणसाच्या डब्यात आता दोन जणांचं काम होतं.

वही कठीण दिवसांतही लागते. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आमच्या मेसमध्ये एकाच टेबलावर रशियन आणि युक्रेनियन बसत होते. त्या आठवड्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बीटाचं बोर्श दोघांनाही हवं होतं, आणि ते मूळचं कोणाचं हा वाद तर त्यांच्यात आधीपासूनचा. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने युक्रेनी बोर्शच्या परंपरेला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातलं. मी मेनूच्या फळ्यावर नुसतं 'बीट सूप' लिहिलं. दोघांच्या पानांवर एकच नोंद होती: लसूण जास्त. तेवढी टाकली. सूपाने युद्ध थांबत नाही, आणि ते दोघं बोलायला लागले असंही काही झालं नाही. वाट्या मात्र दोन्ही रिकाम्या आल्या. कुकच्या हातात तेवढंच असतं आणि तेवढं करायचं असतं.

तुमच्या वहीत काय असेल ते तुम्ही ठरवा. दुकानदार असाल तर कोणत्या म्हातारीला सुटे पैसे मोजायला वेळ लागतो ते. शिक्षक असाल तर कोणाच्या घरी अभ्यासाला जागा नाही ते. दिवसाला एक ओळ पुरे. जास्त लिहायला घेतलंत तर दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल.

मशरूम घ्यायला आलेला म्हातारा

चीनमधल्या निंगबो बंदरात मी अनेकदा गेलोय. क्रेनच्या रांगा, कंटेनर, धुकं. शोर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळाली तर बाजार. त्या बंदरातली एक जुनी गोष्ट मला निवृत्त झाल्यावर वाचायला मिळाली, आणि आधी माहीत असती तर किती बरं झालं असतं असं वाटलं.

१२२३ साली दोगेन नावाचा तेविशीतला जपानी भिक्खू बौद्ध धर्म शिकायला चीनला आला आणि काही काळ या बंदरात बोटीवरच राहिला. एक दिवस साठी ओलांडलेला एक चिनी भिक्खू बोटीवर आला. कशाला? जपानी मशरूम विकत घ्यायला. तो जवळच्या अशोक पर्वतावरच्या मठातला मुख्य स्वयंपाकी होता. हो, आपल्याच सम्राट अशोकाच्या नावाचा मठ, अजून आहे तिथे. दुसऱ्या दिवशी सण होता आणि मठातल्या सगळ्यांना नूडल्सचं सूप करून घालायचं त्याच्या मनात होतं. दोगेनला वाटलं, एवढा ज्ञानी माणूस भेटलाय, तर रात्री इथेच राहावा. म्हातारा म्हणाला, नाही, उद्याचं जेवण मी बघितलं नाही तर बिघडेल. दोगेनने विचारलं, अहो, या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे, तर हे स्वयंपाकाचं काय घेऊन बसलात? दुसरं कोणी नाही का? म्हातारा मोठ्याने हसला. परदेशातून आलेल्या पोरा, तुला अजून साधना म्हणजे काय ते कळलेलं दिसत नाही, असं काहीसं म्हणाला आणि अंधार पडायच्या आत मशरूम घेऊन चालता झाला.

दोगेन ते विसरला नाही. जपानला परत गेल्यावर त्याने १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यांसाठी सूचना लिहिल्या. मला वाटलं होतं त्यात अध्यात्म भरलेलं असेल. आहेही. पण पहिल्यांदा वाचताना मी चाट पडलो तो भलत्याच गोष्टींवर. तो आधी माणसं मोजायला सांगतो: कोणत्या दालनात किती, आजारी किती, पाहुणे किती. तांदूळ स्वतःच्या हाताने धुवा आणि खडे स्वतः बघा म्हणतो. उद्याची तयारी रात्रीच लावून ठेवा म्हणतो. भाजी साधी असली तरी तिला कमी लेखू नका म्हणतो. म्हणजे माझ्या वहीतलंच की! मला कोणी आठशे वर्षांपूर्वी पत्र पाठवलं असतं तर ते याहून वेगळं नसतं.

यातून करायची गोष्ट अशी. तुमच्या कामातला एक तुकडा निवडा आणि तो स्वतःच्या हातात ठेवा. सगळं काम स्वतः करायला जाल तर मराल. मेसमनला काम शिकवलं नाही तर तो वाईट कुक होतो आणि तुम्ही आजारी. पण एक तुकडा असा हवा जो तुम्ही दुसऱ्यावर सोपवत नाही, कितीही उशीर झाला तरी. माझा पावाचा होता. गोठवलेला पाव प्रोव्हिजनमध्ये मिळतो, कंपन्या तोच मागवा म्हणतात, वेळ वाचतो. मी पीठ पहाटे स्वतः मळायचो. समुद्र खवळलेला असला तर ओव्हनमधले ट्रे सरकतात, म्हणून खाली ओला कपडा, आणि पीठ नेहमीपेक्षा जरा घट्ट. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी बघतही नव्हतं. मात्र चार ते आठच्या वॉचचा चीफ मेट ब्रिजवरून खाली फोन करून विचारायचा, "झाला का?" वास वरपर्यंत जातो, असं त्याचं म्हणणं. जात नसावा.

तुकडा छोटा निवडा. मोठा निवडलात तर तो लवकरच ओझं होतो.

बिल कोणी फाडायचं

आता जरा कडू बोलतो, कारण वरचं सगळं वाचून खूश होणारे पहिले लोक मालक असतात. "कुक म्हणजे बोटीचा प्राण" हे वाक्य मी बऱ्याच मोठ्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा त्यापाठोपाठ माणशी रोजचा जेवणाचा खर्च कमी करा असा निरोप आलाय. काम मनापासून करणाऱ्याकडून फुकटचे तास काढून घेणं सोपं असतं. म्हणून अर्थ आणि हक्क यांच्या वह्या वेगळ्या ठेवा.

बोटीवरचे नियम स्पष्ट आहेत. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७ तास. बोटीवरच्या माणसाला जेवण फुकट, आणि दहा किंवा जास्त माणसांच्या बोटीवर परवानाधारक कुक. हे सागरी कामगार करारात, म्हणजे एमएलसी २००६ मध्ये आहे, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. जहाजावरच्या कुकच्या प्रमाणपत्रासाठी तर १९४६ सालीच सिॲटलला वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. विश्रांतीच्या तासांच्या तक्त्यात खोटं लिहायला सांगितलं तर लिहू नका. बोटीवर तक्रारीची पद्धत लावलेली असते, तिथे न्या. तिथे नाही झालं तर बंदरात तपासनीस येतात, आयटीएफचे, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, लोक येतात. दमलेला कुक उकळत्या तेलाजवळ उभा असतो, हे ज्याला समजत नाही त्याच्या कौतुकाला भुलू नका.

माझी वहिनी हे वाचून म्हणाली, भावोजी, सात दिवसांत ७७ तास विश्रांती? आमचा तक्ता कोण भरणार? माझ्याकडे उत्तर नाही. मला तरी पगार मिळत होता.

पगारावरून आठवलं. पैशासाठी काम करतो हे म्हणायला आपल्याकडच्या मुलांना उगीच संकोच वाटतो. काहीतरी उदात्त सांगितलं पाहिजे असं वाटतं. फिलिपिनो लोकांमध्ये तो संकोच मी पाहिला नाही. त्यांच्या करारानुसार मूळ पगाराच्या किमान ८० टक्के रक्कम दरमहा घरी जातेच. मेसमध्ये फोनवर फोटो दाखवतात: हा पाया, ही भिंत, हे बहिणीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट. ऑइलरच्या घराला सिमेंटचे ब्लॉक लागले त्या दिवशी त्याने सगळ्यांना कोक पाजला. पुढचा माणूस शोधा असं मी वर म्हटलं, तो माणूस घरीही असू शकतो. माझ्या कागदावर बरीच वर्षं पहिला बाण ताटाकडे जात नव्हता, मनीऑर्डरकडे जात होता. त्यात कमी काही नाही.

जेव्हा काहीच लागत नाही

२०२० साली कोविडमुळे बंदरं बंद झाली आणि करार संपूनही लोक बोटीवर अडकले. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकल्याचा अंदाज तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी दिला होता. मीही त्यात होतो. त्या काळात वही, पाव, खिडकी यांतलं काहीही लागू पडत नव्हतं. ताटं परत येत होती आणि मी बघत नव्हतो.

अशा वेळी काम लहान करा. मेनू सोपा केला: डाळ, भात, एक भाजी, एक मांसाहारी पदार्थ, बस. मेसमनबरोबर कामं बदलून घेतली. तो कढईवर, मी भांड्यांवर. भांडं घासून झालं की झालेलं दिसतं, स्वयंपाकाचं तसं नसतं. आठवडा ओळखायला काहीतरी खूण हवी, म्हणून रविवारची बिर्याणी मात्र सोडली नाही. भारतीय बोटींवर रविवार म्हणजे बिर्याणी हे ठरलेलं, आणि त्या दिवसांत कॅलेंडरपेक्षा लोक बिर्याणीवरूनच आठवडा मोजत. झोप जात असेल, जेवण तुटत असेल, मनात नको ते येत असेल, तर मात्र हा कामातल्या अर्थाचा प्रश्न राहत नाही. कॅप्टनला सांगा, रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, बंदरात डॉक्टर मिळतो. जमिनीवर असाल तर तुम्हाला तो आजच मिळू शकतो.

हँडओव्हर

शेवटचं काम साइन ऑफच्या, म्हणजे करार संपवून बोटीवरून उतरण्याच्या, आधीचं. तुमच्या जागी येणाऱ्याला लिहून ठेवा. नोकरी सोडताना, बदली होताना, नुसतं रजेवर जातानासुद्धा. कंपनीचा फॉर्म असतो, तो भराच. त्याखेरीज आपलं म्हणून एक पान लिहा. माझ्या अनुभवात आपलं काम नेमकं काय होतं हे माणसाला हे पान लिहितानाच कळतं. म्हणून जाणार नसाल तरीही वर्षातून एकदा, उद्या दुसरं कोणी येणार आहे असं समजून ते लिहून बघा.

इटलीतल्या बेनेडिक्ट नावाच्या साधूने सहाव्या शतकात मठासाठी घालून दिलेले नियम एका बंदरातल्या खलाशांच्या केंद्रात पाद्र्याने मला समजावून सांगितले होते. तिथे स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. ज्याची पाळी संपली त्याने शनिवारी साफसफाई करायची, सगळ्यांचे हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठाराच्या प्रमुखाकडे परत करायची, आणि मग ती मोजून नव्या माणसाच्या हाती जायची. धड अवस्थेत, हे मला विशेष आवडलं. तुटक्या मुठीची कढई दुसऱ्याच्या गळ्यात मारून जाणारे कुक मी पुष्कळ पाहिलेत.

माझ्या पानावर असं असायचं: डावीकडचा ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो, पाव पाच मिनिटं आधी काढणे. भाजीच्या कोल्ड रूममध्ये मागच्या कोपऱ्यात बर्फ धरतो, तिथे पालेभाजी नको. कांदे पुढच्या बंदरापर्यंत पुरतील, लसूण पुरणार नाही. बारा-चारच्या सेकंड मेटसाठी रात्री फ्रिजमध्ये झाकून ठेवणे. अमुक तारखेला अमक्याचा वाढदिवस, शेवया तोडू नयेत. मासळी बाहेर काढल्यापासून किती वेळात शिजवली ते मेसमन लिहितो, चांगला मुलगा आहे, त्याला कढईवर उभं राहू द्या.

कोणता माणूस स्वभावाने कसा आहे, ते मात्र लिहू नका. मला एका बोटीवर आधीच्या कुकने लिहून ठेवलं होतं: बोसन भांडखोर, जेवणात खोड काढतो. मी तीन आठवडे त्याच्यापासून लांब राहिलो. नंतर ताटं बघताना लक्षात आलं की त्याचे मागचे दात पडलेत आणि मटण त्याला चावतच नाही. आधीच्या कुकने ते कधी पाहिलं नव्हतं, आणि बोसन काही सांगणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या पानावर मी लिहिलं: मटण जास्त शिजवणे, तुकडे लहान. माझ्या जागी येणाऱ्याच्या कागदावरही तेवढंच गेलं.